कॉन्क्लेव्ह, चावी आणि बिजागरी

प्रश्न असा आला आहे: 'कॉन्क्लेव्ह' हा पोपच्या निवडणुकीवरचा चित्रपट पाहिला. परीक्षणांमध्ये कुणी 'तो कॉन्क्लेव्ह' लिहितं, कुणी 'ती', कुणी 'ते'. बरोबर काय? आणि याला चांगला मराठी शब्द आहे का?

लिंगाकडे येतो. त्याआधी थोडा राग काढू द्या. गेली काही वर्षं आपल्याकडे साखर कॉन्क्लेव्ह, स्टार्टअप कॉन्क्लेव्ह, शालेय शिक्षण कॉन्क्लेव्ह असा सुकाळ झाला आहे. हॉटेलचा हॉल, दारं सताड उघडी, निम्मे निमंत्रित बाहेर मोबाइलवर आणि उरलेले बुफेच्या रांगेत. जेवण झाल्यावर जे लोक परत खुर्चीत येत नाहीत, त्यांच्या जमावाला कॉन्क्लेव्ह कसं म्हणायचं? परिषद म्हणा, मेळावा म्हणा, चर्चासत्र म्हणा. शब्दांचा काय दुष्काळ पडलाय?

कारण या शब्दात सभा नाहीच मुळी, कुलूप आहे. लॅटिनमध्ये 'कॉन्क्लावे' म्हणजे खोली, आणि तीही किल्लीने बंद करता येणारी. 'कुम्' म्हणजे सह, 'क्लाविस्' म्हणजे किल्ली. त्या खोलीत कुणी जेवत असे, कुणी निजत असे. पोपशी तिचा काही संबंध नव्हता. तो जडला इटलीतल्या व्हितेर्बो गावी. १२६८ च्या नोव्हेंबरात पोप चौथा क्लेमेंट वारला आणि नवा पोप निवडायला कार्डिनलांनी, म्हणजे पोप निवडणाऱ्या वरिष्ठ धर्मगुरूंनी, १२७१ चा सप्टेंबर उजाडवला. जवळजवळ तीन वर्षं! गावकऱ्यांनी वैतागून त्यांना राजवाड्यात कोंडलं, खाणं कमी केलं आणि शेवटी वरचं छप्पर काढलं. पवित्र आत्म्याला आत यायला वाट हवी म्हणून छप्पर काढा, असा टोमणा एका इंग्लिश कार्डिनलानेच मारला होता म्हणतात. एवढं होऊन निवडला कोण, तर जो कार्डिनलही नव्हता आणि तेव्हा पार पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरच्या अक्का बंदरात होता तो तेओबाल्दो व्हिस्कोंती. तोच दहावा ग्रेगरी. त्याने १२७४ मध्ये फ्रान्समधल्या ल्योंच्या धर्मसभेत नियमच करून टाकला: सगळ्यांनी एका खोलीत राहायचं, तीन दिवसांत निकाल नाही तर जेवणात एकच पदार्थ, आणखी पाच दिवस गेले की फक्त पाव, पाणी आणि वाइन. नियमाचा पहिला प्रयोग १२७६ च्या जानेवारीत झाला आणि निवड एका दिवसात उरकली. भूक हे फार प्रभावी मतदारशिक्षण आहे.

चित्रपट चालतो तोही या कुलपामुळेच. खिडक्यांची झापं पडतात, बाहेरचं जग तुटतं, आणि मग राल्फ फाइन्सचा कार्डिनल लॉरेन्स मेलेल्या पोपच्या खोलीचं सील रात्री तोडतो. दार उघडं असतं तर यात थरार तो कसला?

आता खरी मजा. हे 'क्लाविस्' तुमच्या खिशात आहे. लॅटिनच्या शब्दारंभी असलेल्या 'क्ल'चा पोर्तुगीजमध्ये पुष्कळदा 'च' झाला. 'क्लामारे'चं 'चामार' झालं, तशी 'क्लावें'ची 'चावे'. तीच आपली चावी. म्हणजे कॉन्क्लेव्ह आणि चावी ही सख्खी चुलत भावंडं. एक रोमहून इंग्रजीच्या वाटेने आलं, दुसरी गोवा-वसईच्या बंदरावर उतरली. आणखी एक गंमत पाहा. आज लिस्बनमध्ये हा शब्द 'शाव्ह'च्या जवळ जाणारा ऐकू येतो. सोळाव्या शतकात तिथे 'च'च होता, उत्तर पोर्तुगालच्या काही बोलींत अजून आहे. म्हणजे त्यांच्या राजधानीने जो उच्चार टाकला, तो आपले रिक्षावाले रोज वापरतात. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसईचा किल्ला घेतला, चावी मात्र पोर्तुगीजांची ती पोर्तुगीजांचीच राहिली.

यावर एक विद्वान मला ठणकावून सांगतात की चावी हिंदीतून आली. हिंदीत 'चाबी' आहे, 'ब'ने. मूळ शब्दात 'व' आहे आणि तो मराठीत शाबूत आहे. शाबूत 'व' असलेल्यांनी तो 'ब'वाल्यांकडून उसना आणला, हा कुठला न्याय? दुसरे एक गृहस्थ तर चावीचा संबंध 'चावणे'शी लावतात, का तर चावीला दात असतात. मग फणी पण चावत असेल.

किल्लीचं घराणं निराळं. ती कील, खीळ, खिळा या कुळातली, असं माझं मत आहे. आणि लॅटिनमध्येही 'क्लाविस्' किल्ली, 'क्लावुस्' खिळा! दोन्हीकडे किल्लीचा पूर्वज दारात खुपसायची खुंटीच असणार. मराठी बायबलात येशूच्या शिष्याला, पहिला पोप मानल्या जाणाऱ्या पेत्राला, स्वर्गाच्या राज्याच्या 'किल्ल्या' मिळतात, 'चाव्या' नाही. पोपच्या चिन्हावर त्याच दोन, एक सोन्याची, एक चांदीची. गुरुकिल्ली हा शब्द इथे जितका चपखल बसतो तितका परीक्षेच्या गाइडांवर कधीच बसला नाही.

आणि चावी आहे तर दार हवं, दार आहे तर बिजागरी हवी. 'कार्डिनल' हा शब्द लॅटिन 'कार्दो'वरून आला. कार्दो म्हणजे बिजागरी. पोप नववा लिओ अकराव्या शतकात सांगून गेला की दार जसं बिजागरीवर, तशी चर्च यांच्यावर फिरते. आधुनिक अभ्यासक नाक मुरडतात. त्यांच्या मते एका चर्चचा पाद्री दुसरीकडे 'बसवला' की तो कार्डिनल, सांध्यात सांधा बसवावा तसा. या दोन्हींत मला लोखंडाचा तोच तुकडा दिसतो, वाद कशाचा ते कळत नाही. आमची 'बिजागरी' मात्र पोर्तुगीज 'बिसाग्रा'. अशा शब्दांचा माग ज्यांनी काढला ते सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद गोव्यातल्या आसगावचे, आणि स्वतः पाद्री. २०२५ च्या मे महिन्यात कॉन्क्लेव्हसाठी व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपेलची दारं लागली तेव्हा आतल्या १३३ बिजागऱ्यांत एक गोव्याची होती, आर्चबिशप फिलिप नेरी फेर्रांव. गोव्यातले कोंकणी ख्रिस्ती पोपला 'पाप सायब' म्हणतात. मराठी कानाने दचकू नये, ते पोर्तुगीज 'पापा' आहे.

हं, लिंग. लॅटिनमध्ये कॉन्क्लावे नपुंसकलिंगी, म्हणून 'ते कॉन्क्लेव्ह'. 'ती' म्हणणारे मनात सभा धरतात, ते अगदीच चूक नाही. 'तो' मात्र फक्त चित्रपटाला. मराठी प्रतिशब्द म्हणून 'धर्मसभा' सुचवतात, तो बाद. ते नाव ल्योंच्या किंवा व्हॅटिकनच्या सभांचं, तिथे पोप निवडत नाहीत. 'गुप्तनिर्वाचनमंडळ' वाचून मला घाम फुटला. कॉन्क्लेव्हच ठेवा. अनेकवचन 'कॉन्क्लेव्हे' व्याकरणात बसतं, पण १९७८ च्या ऑगस्ट आणि ऑक्टोबरबद्दल लिहिताना मी तरी 'त्या वर्षी दोनदा कॉन्क्लेव्ह भरलं' असंच लिहीन.