वाचकांचे प्रश्न : वर्गसमीकरणाचे सूत्र येते कुठून?

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. अवयव पडत नसले की ती सूत्रात किमती घालून उत्तर काढते. पण ते सूत्र कसे आले, हे तिला सांगता येत नाही. पूर्ण वर्गाची रीत समजावायला बसले, तर अपूर्णांकांतच गोंधळ होतो. सोपी वाट आहे का? — एक पालक

उत्तर : आहे, आणि ती फार जुनी आहे. ती प्राचीन भारतीय गणिती श्रीधराचार्यांची. त्यांचा बीजगणितावरील ग्रंथ आज उपलब्ध नाही. परंतु भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘बीजगणिता’त श्रीधराचार्यांची ही रीत त्यांच्या नावानिशी दिली, म्हणून ती टिकली.

शाळेत आपण आधी क्ष² च्या सहगुणकाने भागतो आणि अपूर्णांक शिरतात ते तिथेच. श्रीधराचार्य भागत नाहीत, उलट त्या सहगुणकाच्या चौपटीने गुणतात. ३क्ष² − ५क्ष + १ = ० हे समीकरण घ्या. १२ ने गुणल्यावर ३६क्ष² − ६०क्ष + १२ = ० मिळते. ३६क्ष² हा ६क्ष चा वर्ग आणि ६०क्ष म्हणजे २ × ६क्ष × ५, तेव्हा वर्ग पूर्ण व्हायला २५ हवेत. १२ आहेतच, म्हणून दोन्ही बाजूंत १३ मिळवावेत.

(६क्ष − ५)² = १३
क्ष = (५ ± √१३) / ६

नुसत्या ३ ने गुणले असते तर १५ चे निम्मे करावे लागून अपूर्णांक परत आला असता. चौपटीचे कारण हेच. हा १३ म्हणजे ५² − ४ × ३ × १, अर्थात पुस्तकातला विवेचक, हे मुलीला स्वतः शोधू द्यावे. तो ऋण असेल तर वास्तव मुळे का नसतात, हेही मग वेगळे पाठ करावे लागत नाही, कारण डावीकडे वर्ग आहे. यानंतर अंकांच्या जागी अ, ब, क घेऊन याच पायऱ्या करायला सांगाव्यात. शेवटच्या ओळीत सूत्रच येते.

प्रश्न : शाब्दिक उदाहरणात दोन उत्तरे आली, तर ऋण उत्तर सोडले की पुरे ना? — एक विद्यार्थी

उत्तर : पुरे नाही. भास्कराचार्यांच्या एका उदाहरणात वानरांच्या कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून जी संख्या येते, तिच्या वर्गाइतके वानर गुहेत जातात आणि एक फांदीवर दिसतो. मुळे ५० आणि ५ येतात, दोन्ही धन. तरीही ५ हे उत्तर त्यांनी नाकारले, कारण ५ चा पाचवा भाग १ आणि त्यातून ३ वानर वजा होत नाहीत. म्हणून प्रत्येक मूळ समीकरणाबरोबरच उदाहरणाच्या शब्दांतही घालून पाहावे.