आजी घरात असताना भाषा शिकायला अमेरिकेला कशाला?

प्रश्न: ताई, मी मिरजेची, एमए करतेय. आम्ही कैकाडी. आजी घरात कैकाडीच बोलते, आईपप्पांना येते पण ते आमच्याशी मराठीत बोलतात, मला कळतं सगळं पण तोंडातनं मराठीच निघतं. अमेरिकेत कोलँग नावाचं ट्रेनिंग असतं, छोट्या भाषा रेकॉर्ड कशा करायच्या नि परत बोलत्या कशा करायच्या याचं. सर म्हणतात स्कॉलरशिपचा फॉर्म भर, पप्पा म्हणतात आजी इथं आणि तू तिकडं काय शिकणार?

उत्तर: फॉर्म भर की! पप्पांचंही बरोबर आहे म्हणा, कैकाडी शिकवायला तिथं कुणी बसलेलं नाही. कोलँग 2008ला सांता बार्बराला सुरू झालं, तेव्हा नाव इनफील्ड होतं. साधारण दर दोन वर्षांनी वेगवेगळ्या युनिव्हर्सिटीत भरतं, आधी दोन आठवडे वर्कशॉप आणि पुढं ज्यांना थांबायचंय त्यांना काही आठवडे प्रॅक्टिकल. प्रोफेसर आणि आपली भाषा वाचवायला आलेली साधी माणसं एकाच वर्गात बसतात, मला तर तेच सगळ्यात भारी वाटतं.

फक्त वर्कशॉप निवडताना सॉफ्टवेअरच्या मागं लागू नकोस. रेकॉर्डिंगखाली शब्द टाइप करायचं इलान नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते मिरजेत बसून शिकशील. तू परवानगीचा विषय घे. आजी बोलेल ते सगळं जगानं ऐकायचं का, घरातली भांडणं, पंचायतीतल्या गोष्टी, कुठलं आर्काइव्हमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंग जपायच्या संग्रहात, सगळ्यांना उघडं ठेवायचं नि कुठलं फक्त घरच्यांसाठी, हे कोण ठरवणार? आपल्याकडं लोक मोबाईल काढतात, शूट करतात, ग्रुपवर टाकतात, म्हातारीला कुणी विचारतच नाही.

दुसरं म्हणजे भाषा परत बोलती करायचे वर्ग. कॅलिफोर्नियात 1990च्या दशकात एक पद्धत सुरू झाली, एक भाषा येणारा नि एक शिकणारा, दोघांनी रोजची कामं करायची पण बोलायचं फक्त त्याच भाषेत. तुझी आजी टोपल्या विणत असेल तर शेजारी बसून तूही विण, अडलीस तरी मराठीत शिरू नकोस, हातानं दाखव. याला व्हिसा लागत नाही, आजच सुरू कर. रेकॉर्ड करताना पंखा बंद, माईक आजीच्या जवळ, फाईल वेव्ह (WAV) फॉरमॅटमध्ये ठेव, एमपीथ्रीत नको, आणि तिचा होकारही तिच्याच आवाजात घे.

पासपोर्ट नसेल तर तो मात्र आधी काढ.