पहिला राऊंड आहे? सात क्लब पुरे

(वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं)

प्रश्न : आम्ही चौघे मित्र सोलापूरचे. गोल्फच्या रेंजवर (सरावाच्या जागी) थोडाफार हात बसला आहे, आता पुण्याच्या बाजूला जाऊन पूर्ण १८ होल खेळायचे आहेत. बुकिंग करताना काय विचारावं आणि बरोबर काय न्यावं? — एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी हे ध्यानात घ्या की आपल्याकडचे बहुतेक कोर्स सभासदांच्या क्लबांचे आहेत. दिल्लीत लाडो सरायला डीडीएचा (दिल्ली विकास प्राधिकरणाचा) कुतुब गोल्फ कोर्स आहे, तसे खऱ्या अर्थाने सार्वजनिक कोर्स थोडेच. क्लबात ग्रीन फी (एका राऊंडचे पैसे) भरून बाहेरच्यांना खेळता येतं, पण वार आणि वेळ क्लब ठरवतो. त्यामुळे फोनवर चार गोष्टी स्पष्ट विचारा : बाहेरच्यांना कोणत्या वारी घेता, हँडिकॅप (खेळाडूचा दर्जा सांगणारा आकडा) सर्टिफिकेट लागतं का, कॅडीचे (बॅग उचलणाऱ्या मदतनिसाचे) पैसे फीमध्येच आहेत का वेगळे, आणि ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) नुकतीच भोकं पाडून वाळू टाकली आहे का. हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही आणि मग पूर्ण फी भरून खडबडीत ग्रीनवर पट करत (बॉल हलकेच होलकडे ढकलत) बसतो. मुळांना हवा मिळावी म्हणून ते काम करावंच लागतं, पण पुढचे काही दिवस बॉल उड्या मारत जातो. कॉलर नसलेला टी-शर्ट आणि जीन्स घरीच ठेवा. बऱ्याच ठिकाणी आत सोडत नाहीत.

सोलापूर-पुणे अंतर सुमारे २५० किलोमीटर. मध्यरात्रीनंतर निघून सकाळी सातला पहिल्या टीवर (होलच्या सुरुवातीच्या जागी) उभं राहायचं आणि दुपारी पुन्हा स्टिअरिंग धरायचं, हा बेत करू नका. आदल्या रात्री मुक्काम करा. चौघांच्या राऊंडला चार-साडेचार तास लागतात आणि आठ-दहा किलोमीटर चालणं होतं. एप्रिल-मेमध्ये पहाटेची पहिली वेळ मिळत नसेल तर ९ होलच खेळा. माणशी तीन लिटर पाणी धरा आणि त्यातल्या एका बाटलीत मीठ-साखर घाला.

नियमाने १४ क्लब (बॉल मारायच्या काठ्या) चालतात, तुम्हाला सात पुरतात : ५ नंबरचं वूड, एक हायब्रिड, ७ आणि ९ आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज, पटर. ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायचा क्लब, मुद्दाम वगळला आहे. नवख्याचे सर्वांत जास्त बॉल तोच हरवतो. बॉल डझनभर घ्या, वापरलेले चालतील, पण प्रत्येकावर पेनने आपली खूण करा. दोघांचा ब्रँड आणि नंबर एकच निघाला आणि कुणाचा कोणता ते सांगता आलं नाही, तर दोन्ही बॉल हरवलेले धरतात. टॉवेल मात्र बाहेरून विकत घ्यायची सोलापूरकराला गरज नाही. आपला टर्किश टॉवेल अर्धा ओला करा, अर्धा कोरडा ठेवा : ओल्या भागाने क्लबच्या खाचांतली माती काढा, कोरड्याने ग्रिप पुसा.

आणि सर्वांत पुढच्या, म्हणजे होलच्या सर्वांत जवळच्या टीवरून खेळा. यात कमीपणा नाही. ज्याचा चांगला फटका १५० यार्ड जातो, तो ४०० यार्डांच्या पार-४ वर (चार फटक्यांत संपवायच्या होलवर) तिन्ही फटके उत्तम बसले तरच ग्रीन गाठतो. एक फसला की चार, दोन फसले की मागचा ग्रुप कमरेवर हात ठेवून उभा.

प्रश्न : बॉल हरवला तर नेमकं काय करायचं? प्रत्येक जण वेगळं सांगतो. — एक वाचक, बार्शी

उत्तर : वेगळं सांगतात, कारण २०१९ मध्ये नियम बदलले आणि जुन्या खेळाडूंच्या डोक्यात जुनेच आहेत. शोधायला आता पाचऐवजी तीन मिनिटं मिळतात. तुम्ही किंवा तुमचा कॅडी शोधायला लागला की घड्याळ सुरू. तेवढ्यात सापडला नाही, किंवा बॉल पांढऱ्या खुंट्यांच्या पलीकडे (कोर्सच्या हद्दीबाहेर) गेला, तर एक पेनल्टी (दंडाचा जादा फटका) घेऊन आधीच्याच जागेवरून पुन्हा मारायचं. टीवरून गेला असेल तर पुढचा तुमचा तिसरा फटका.

परत चालत जायला लागू नये म्हणून शंका येताच तिथूनच दुसरा बॉल मारा, पण मारण्यापूर्वी ‘प्रोव्हिजनल (तात्पुरता) मारतोय’ असं सोबत्यांना ऐकू जाईल असं म्हणा. न बोलता मारलात तर तोच बॉल खेळात आला, पहिला मग समोर दिसला तरी उपयोग नाही. उलट, प्रोव्हिजनल सुंदर बसला आणि पहिला तीन मिनिटांत कोर्सच्या हद्दीत सापडला, तर पहिलाच खेळावा लागतो, मग तो झुडपात का असेना.

काही कोर्सवर स्थानिक नियम असतो : बॉल जिथे हरवला त्याच्या जवळच्या फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या मधल्या पट्ट्याच्या) कडेला, होलच्या जवळ न जाता, दोन पेनल्टी घेऊन ड्रॉप करायचं, म्हणजे बॉल हातातून खाली सोडायचा. टीवरून हरवला असेल तर पुढचा फटका चौथा. हा नियम लागू आहे का, ते पहिल्या टीवर स्टार्टरला (खेळ सुरू करून देणाऱ्या कर्मचाऱ्याला) विचारा. मित्रामित्रांच्या राऊंडला आमच्या मते हाच बरा, वेळ वाचतो. ड्रॉप खांद्यावरून नाही, गुडघ्याच्या उंचीवरून.

लाल आणि पिवळ्या खुंट्यांचा भाग (पाण्यासारखा अडथळा) वेगळा. तिथे बॉल खेळता आला तर विनापेनल्टी खेळा, नाहीतर एक पेनल्टी घेऊन बाहेर या. लाल खुंट्या असतील तर बॉल जिथून आत शिरला तिथून बाजूला दोन क्लब-लांबीत ड्रॉप करता येतं, पिवळ्यांना ही सवलत नाही.

प्रश्न : वीस वर्षं क्रिकेट खेळलो. गोल्फचा बॉल मात्र दर वेळी उजवीकडे वळतो. डावीकडे निशाणा धरला तर आणखीच वळतो! — एक वाचक, होटगी रोड

उत्तर : वळणारच. फटक्याच्या वेळी क्लबचं तोंड स्विंगच्या दिशेपेक्षा उजवीकडे उघडं असलं की बॉल उजवीकडे वळतो. डावीकडे निशाणा धरला की स्विंगची दिशा आणखी डावीकडे जाते आणि दोन्हींतला फरक वाढतो.

क्रिकेटचा दोष असा की ड्राइव्ह मारताना पुढचं कोपर उंच ठेवून बॅटचं तोंड शेवटपर्यंत सरळ धरायची सवय असते. गोल्फमध्ये हात फिरावे लागतात, नाहीतर तोंड उघडंच राहतं. ग्रिपपासून सुरुवात करा. डावा हात असा धरा की वरून पाहिल्यावर त्याची दोन ते तीन बोटांची हाडं दिसतील. दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीची खाच उजव्या खांद्याकडे हवी. मग ७ आयर्नने कमरेपासून कमरेपर्यंतचा अर्धा स्विंग. बॉलच्या पलीकडच्या बाजूला, वीतभर अंतरावर आणि किंचित मागे चपलेचा रिकामा खोका ठेवा. खोका उडाला तर क्लब बाहेरून आत येतोय. तो न उडवता सलग मारता येईपर्यंत पूर्ण स्विंगकडे वळू नका.

हा सराव भोकं असलेल्या प्लास्टिकच्या बॉलने घरच्या गच्चीवरही होतो. सार्वजनिक मैदानावर खरा बॉल अजिबात नको. शंभर यार्डांवर फिरायला आलेल्याच्या डोक्यात तो बसला, तर पुढचं सांगायला नको.

प्रश्न : पावसाळ्यात बॉल काळ्या मातीत रुतला तर? — एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : स्वतःच्याच आदळण्याने पडलेल्या खड्ड्यात रुतला असेल आणि बंकर (वाळूचा खड्डा) किंवा लाल-पिवळ्या खुंट्यांच्या भागात नसेल, तर पेनल्टी नाही. उचला, पुसा, लगेच मागच्या जागेपासून एक क्लब-लांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता ड्रॉप करा. ग्रीनवर बॉल पडून खळगा झाला तर फोर्क (खळगा बुजवायचा छोटा काटा) त्याच्या कडेला घालून गवत मध्याकडे लोटा आणि पटरने दाबा. बरेच जण फोर्क खाली घालून माती वर उचकटतात. त्याने मुळं तुटतात आणि तिथे तपकिरी डाग राहतो.

प्रश्न : एका होलवर बारा-तेरा फटके होतात. सगळे लिहायचे का? — एक वाचक, सात रस्ता

उत्तर : हँडिकॅप काढण्यासाठी स्कोअरकार्ड देणार असाल तर पहिल्या कार्डांवर एका होलला पार अधिक पाच एवढीच मर्यादा आहे, म्हणजे पार-४ वर नऊ. अशी एकूण ५४ होलची कार्डं झाली की हँडिकॅप मिळतो आणि तो कमाल ५४ असू शकतो. नुसतं मजेसाठी खेळत असाल तर नऊ झाले की बॉल खिशात घाला, पुढच्या टीकडे चला आणि मागचे जवळ आले असतील तर त्यांना आधी जाऊ द्या.