क्लबच्या कार्ट शर्यतींसाठी परवडणारा टायर कसा ठरवावा?

तुम्ही लिहिलंय की तुमचा कार्टचा, म्हणजे छोट्या उघड्या शर्यतीच्या गाड्यांचा, क्लब लहान आहे. पुढच्या हंगामापासून सीलबंद (म्हणजे कुणाला उघडून फेरफार करता येणार नाहीत अशा) फोर-स्ट्रोक इंजिनांचा मोठ्यांचा एक वर्ग आणि लहान मुलांचा एक वर्ग सुरू करायचाय, आणि टायरवरून सभासदांत दोन तट पडलेत. एक गट म्हणतो सॉफ्ट, म्हणजे मऊ रबराचे टायर घ्या, खरी मजा त्यात आहे. दुसरा म्हणतो, मोठ्या संघांनी एकदा वापरलेले टायर स्वस्तात मिळतात, ज्याला जे मिळतील ते चालवू द्या. माझं मत दोघांहून वेगळं आहे. कडक कंपाउंडचा (रबराच्या मिश्रणाचा) एकच टायर सगळ्यांना सक्तीचा करा, आणि हंगामात एका चालकाला किती टायर वापरता येतील हे नियमातच बांधून टाका. या दोनांतलं दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. टायर थोडा कमी-जास्त निवडला तरी क्लब तरतो. संख्येचं बंधन नसेल तर मात्र कितीही स्वस्त टायर घेतला तरी हंगाम महागच पडतो.

आधी किमतीबद्दल. लेबलवरची किंमत बघून टायर स्वस्त की महाग हे कळत नाही. बघायचं असतं ते एका चांगल्या लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या एका पूर्ण फेरीला, काय खर्च येतो हे, आणि चांगली लॅप म्हणजे ज्या लॅपमध्ये तुमचा टायर बाकीच्यांच्या टायरच्या बरोबरीने चालतोय ती. उदाहरणादाखल धरा की कडक टायर सॉफ्टपेक्षा २० टक्क्यांनी महाग आहे, पण तिप्पट लॅप टिकतो. मग एका लॅपचा खर्च सॉफ्टच्या ४० टक्क्यांवर आला. प्रत्यक्षात कडक टायर बहुधा महागही नसतो.

आता वापरलेल्या टायरांची गोष्ट, कारण फसगत इथेच जास्त होते. सॉफ्ट टायर झिजण्याच्या आधीच मरतो. रबर तापतं, निवतं, पुन्हा तापतं, आणि दर वेळी थोडं थोडं कडक होत जातं. त्यामुळे दोन-तीन शर्यती पाहिलेला सॉफ्ट टायर हातात घेतला तर वर भरपूर रबर दिसतं, झीज मोजायची भोकंही खोल असतात, आणि तरी पकड निघून गेलेली असते. मोठे संघ तो विकतात ते याच कारणाने. कडक टायरचं उलटं असतं. त्याची पकड पहिल्या दिवसापासून बेताची, पण ती जवळजवळ शेवटपर्यंत तशीच राहते, आणि टायर बाद होतो तो रबर संपल्यावर. क्लबला हवं ते हेच. टायरचं आयुष्य डोळ्यांनी दिसावं, मोजता यावं, आणि नवा टायर घालणाऱ्याला जुन्यावाल्यावर फारसा फायदा मिळू नये. वापरलेले टायर सरावाला जरूर घ्या. शर्यतीत चालू दिले तर ज्याची मोठ्या संघांत ओळख त्याची चंगळ, बाकीचे नशिबावर.

कडक टायर ही पैशाअभावी केलेली तडजोड आहे असं सॉफ्टवाल्यांना वाटतं. छोट्या इंजिनाच्या वर्गात तसं मुळीच नाही, आणि हा मुद्दा सभेत नीट समजावून सांगण्यासारखा आहे. कार्टला डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा, नसते. मागची दोन्ही चाकं एकाच अखंड अ‍ॅक्सलवर, म्हणजे दोन्ही एकाच गतीने फिरणार. वळणात मात्र आतल्या चाकाला कमी अंतर कापायचं असतं. म्हणून आतलं मागचं चाक क्षणभर उचललं जावं लागतं किंवा घसरावं लागतं, तरच कार्ट वळते. पुढच्या चाकांची भूमिती आणि चासीचा (सांगाड्याचा) लवचिकपणा मिळून ते चाक उचलतात. टायरची पकड गरजेपेक्षा जास्त असली की हे चाक खाली येताच रस्त्याला चिकटतं, अ‍ॅक्सल अडतो आणि वेग खाल्ला जातो. रोटॅक्सच्या १२५ सीसी सीनियर मॅक्ससारखं सुमारे ३० अश्वशक्तीचं इंजिन असेल तर ते या अडथळ्यातून कार्ट ओढून काढतं. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं एलओ२०६ हे सीलबंद इंजिन २०४ सीसीचं, ताकद जेमतेम ९ अश्वशक्ती. त्याचे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) एकदा पडले की पुढचा अख्खा सरळ पट्टा ते भरून काढण्यात जातो. अशा इंजिनाला थोडा घसरणारा टायरच मानवतो. चालकालाही कार्ट वाहू द्यायची, स्टिअरिंग कमी वळवायचं, हे शिकावं लागतं, आणि एकदा वळणात गमावलेला वेग परत मिळत नाही हे त्याला स्वतःला उमगतं.

मुलांच्या वर्गात तर मी सॉफ्टचा विचारही करणार नाही. पकड वाढली की स्टिअरिंग जड होतं आणि वळणात शरीर सीटच्या कडेवर जोरात दाबलं जातं. कार्टिंगमध्ये बरगड्या दुखावणं ही नेहमीची तक्रार आहे, आणि लहान मुलांच्या बाबतीत तो धोका विकत घेण्यात काहीच अर्थ नाही. चासीवरचा ताणही वाढतो, म्हणजे तडे आणि वेल्डिंगचा खर्च पालकांच्या माथी. मुलांना मोठ्यांचे रुंद टायर लावू नका. मोठ्यांच्या कार्टला पुढे सहसा १० × ४.५०-५ आणि मागे ११ × ७.१०-५ हा आकार असतो. म्हणजे १० आणि ११ इंच व्यास, मग रुंदी, शेवटी ५ इंची रिम. मुलांच्या कार्टसाठी अरुंद माप मिळतं, मागे साधारण ११ × ५.००-५. रबर कमी, किंमत कमी, आणि छोट्या इंजिनाला ओढायलाही हलकं. ऑर्डर देण्याआधी सगळ्यांच्या रिमची रुंदी मात्र मोजून घ्या.

कंपन्यांबद्दल विचारलंत. वेगा, मोजो, ले काँ, मॅक्सिस, डनलॉप, एमजी ही कार्टिंगमधली ओळखीची नावं आहेत आणि यांतल्या कुणाच्याही यादीत तुम्हाला चालेल असा टायर सापडेल. नावापेक्षा कंपाउंड बघा. एका कंपनीचं 'मीडियम' दुसरीच्या 'सॉफ्ट'इतकं मऊ असू शकतं, त्यामुळे शब्दांवर जाऊ नका. ड्युरोमीटर नावाचं छोटं उपकरण रबराचा कडकपणा शोर ए मापात दाखवतं. ढोबळमानाने सॉफ्ट स्लिक (खाचा नसलेला कोरड्या ट्रॅकचा टायर) ५० च्या आसपास भरतो, कडक ६० च्या आसपास किंवा वर. मोजताना दोन्ही टायर एकाच तापमानाला असू द्या, कारण गरम रबर नेहमी मऊ दाखवतं. एफआयए या मोटारशर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता असली तर चांगलंच, पण तिचा अर्थ टायर त्यांच्या नियमांत बसतो एवढाच. तो क्लबच्या खिशाला परवडेल की नाही हे त्यावरून कळत नाही.

दोन-तीन टायर निवडून झाले की चाचणी घ्या, आणि ती नीट घ्या. एकच कार्ट, एकच चालक, एकच दिवस. आधी पहिला टायर, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. शेवटी पुन्हा पहिला टायर लावणं टाळू नका, कारण दिवस चढतो तशी डांबरावर रबर बसून ट्रॅक आपोआप वेगवान होतो आणि दुसरा टायर उगीचच सरस वाटतो. सर्वांत वेगवान लॅप कुणाची यावर निकाल लावायचा नाही. दोन्ही टायरांवर लांब पल्ला चालवून लॅपच्या वेळा कागदावर मांडा. ज्याची रेघ सपाट राहते तो तुमचा टायर. दुसरा सुरुवातीला जरा पुढे असेल आणि मग झपाट्याने मागे पडत असेल, तर पुढच्या वर्षी प्रत्येक क्वालिफाइंगला (शर्यतीत कोण कितव्या जागेवरून सुटणार हे ठरवणाऱ्या सत्राला) लोक नवा सेट घालायला लागतील. पृष्ठभागही पाहा. कडेला रबराचे पापुद्रे निघत असतील किंवा मध्ये फोड आले असतील तर प्रेशर चुकलंय किंवा तो टायर तुमच्या डांबराला मानवत नाही. प्रेशर ठरवताना उत्पादकाने दिलेल्या आकड्यापासून सुरुवात करा. सॉफ्ट टायरला थंड असताना साधारण ९ ते १३ पीएसआय पुरतात. कडक टायर तापायला जास्त हवा मागतो. सॉफ्टच्या सवयीचं प्रेशर कडक टायरमध्ये भरायचं आणि 'याला पकडच नाही' म्हणून तो नापास करायचा, हा अन्याय चाचण्यांत फार होतो.

आता नियम. माझी सूचना अशी की प्रत्येक चालकाने हंगामाच्या सुरुवातीला एक सेट नोंदवावा आणि तो अर्धा हंगाम चालवावा. पंक्चर किंवा अपघातासाठी एक पुढचा आणि एक मागचा टायर राखीव म्हणून नोंदवता यावा. फायद्यासाठी नवा टायर घालायला मुभा नसावी. नोंदणीला बारकोड असेल तर उत्तम. नसेल तर टायरच्या बाजूवर क्लबचा शिक्का आणि क्रमांक पुरतो, फक्त शर्यतीआधी आणि नंतर कुणीतरी तो खरंच तपासला पाहिजे. शक्य असेल तर क्लबनेच सगळे टायर एकगठ्ठा, एकाच बॅचचे मागवावेत आणि चिठ्ठ्या टाकून वाटावेत. एकाच टायरच्या दोन बॅचमध्येही फरक पडतो आणि ओळखीवर चांगली बॅच मिळवणारे प्रत्येक क्लबात असतात. घाऊक खरेदीत दरही कमी होतो. रोटॅक्स इंजिनांच्या शर्यत-मालिकांत सगळ्यांना मोजोच लावावा लागतो; एकच टायर ठरवण्याची पद्धत म्हणजे काही नवी शोधायची गोष्ट नाही.

रबर मऊ करणारी रसायनं चोपडायला नियमात स्पष्ट बंदी घाला. ही द्रावणं श्वासाला आणि त्वचेला वाईट असतात, आणि पिटमध्ये, म्हणजे कार्ट तयार करायच्या जागेत, मुलं वावरतात. टायरमधून निघणाऱ्या या रसायनांच्या वाफा पकडणारं उपकरण महाग असतं, पण संशयित टायर उतरवून क्लबचा टायर बसवायला लावण्याचा अधिकार तपासनिसाला दिलात तरी बराच धाक राहतो.

पावसाचे टायर वेगळे नोंदवून घ्या. त्यांचं रबर फार मऊ असतं. खरोखर ओल्या ट्रॅकवरच वापरले तर दीर्घकाळ टिकतात, सुकत चाललेल्या ट्रॅकवर मात्र काही लॅपमध्ये त्यांची वाट लागते. म्हणून शर्यत ओली आहे की कोरडी हे शर्यत अधिकाऱ्याने जाहीर करावं.

मग टायर टिकवायचा कसा? नवा टायर पहिल्यांदा काही लॅप हळूहळू वेग वाढवत तापवावा आणि पूर्ण निवू द्यावा, जमलं तर एक रात्र जाऊ द्यावी. घरी काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, उन्हापासून आणि चालू विद्युत मोटरपासून लांब ठेवावा, कारण मोटरच्या ठिणग्यांतून तयार होणारा ओझोन रबराला तडे पाडतो. ट्रॅक घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर उजवी वळणं जास्त, म्हणून डावीकडचे टायर आधी झिजतात. अशा वेळी टायर रिमवरून उतरवून डावी-उजवी बाजू बदलली तर सेट बराच लांबतो. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो पाहूनच पुन्हा बसवा. बसवताना साबणाचं पाणी वापरा आणि बाजूवर छापलेल्या मर्यादेपेक्षा जास्त हवा भरून टायर रिमवर चढवायचा प्रयत्न कुणालाही करू देऊ नका. तो फुटला तर हात जायबंदी होतो.

टायर एकदा ठरला की निदान दोन हंगाम तो बदलणार नाही असं लेखी जाहीर करा आणि पुरवठादाराकडूनही तेवढ्या काळाच्या पुरवठ्याची हमी घ्या. ज्यांच्याकडे आज सॉफ्टचे साठे पडलेत त्यांना ते सरावात संपवू द्या. ट्रॅकची लांबी, डांबर खरबरीत आहे की गुळगुळीत, आणि मुलांच्या वर्गात कुठलं इंजिन घेताय एवढं कळवलंत तर सुरुवातीच्या प्रेशरबद्दल आणखी नेमकं सांगेन.