चांदीवरचा ढग आणि पॉलिशची मोटर

प्रश्न : काका, नमस्कार. दोन वर्षं दागिने घडवायला शिकून मी आता घराच्या पडवीतच काम सुरू केलंय. चांदीची जोडवी, पैंजण, कानातली आणि मागणी आली की मोत्यांची नथ. सध्या कानस, पॉलिश पेपर आणि ड्रिलला लावलेला छोटा बफ (पॉलिशची कापडी चकती) एवढ्यावर भागवते. पण कितीही घासलं तरी चांदीवर ढगासारखी राखाडी सावली राहतेच. ओळखीतले म्हणतात, अर्ध्या हॉर्सपॉवरची दोन टोकांची मोटर घे, एका टोकाला ग्राइंडरचा दगड लाव, दुसऱ्याला बफ, म्हणजे सगळं निघेल. हातात चाळीस हजार आहेत. आधी काय घेऊ?
– एक वाचक भगिनी, गुहागर

उत्तर : ताई, ती मोटर आत्ता घेऊ नका. तुमच्या पत्रातली खरी अडचण तुम्ही एका ओळीत उरकलीत, ती म्हणजे राखाडी सावली. आधी तिच्याबद्दल सांगतो.

९२५ ची चांदी म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, उरलेलं बहुतेक तांबं. डाख देताना, म्हणजे वितळत्या धातूने तुकडे जोडताना, नग लाल तापला की हवेतला प्राणवायू आत शिरतो आणि पृष्ठभागाच्या जरा खालचं तांबं काळवंडतं. मग साफ करायच्या आम्लातून काढल्यावर नग वरून पांढराच दिसतो. बफ लावला, वरचा पातळ थर गेला, की आतला ढग उघडा पडतो. तुम्हाला वाटतं पॉलिश कमी पडलं. खरं तर पॉलिश केलं म्हणूनच तो दिसला. अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटरीने तो कापून निघेलही, पण त्याच्याबरोबर जोडव्यांची नक्षी आणि कडाही जातील.

उपाय डाख देण्याआधीचा आहे. बोरिक पावडर स्पिरिटमध्ये ताकाइतकी पातळ कालवा, नग त्यात बुडवून काढा. बाटलीचं झाकण लावून ती लांब ठेवा आणि मगच नगावरचं स्पिरिट पेटवून जाळा. पांढरा लेप बसतो, तो हवा अडवतो. डाख वाहिला की ज्योत लगेच बाजूला घ्या, उगाच तापवत बसू नका. ज्या नगांवर ढग आधीच आहे, त्यांना पेपरच हवा : ४००, मग ६००, मग १०००. दर वेळी आधीच्या ओरखड्यांना आडवं घासायचं आणि ते पूर्ण गेल्याशिवाय पुढचा नंबर घ्यायचा नाही. ढग गेला का ते बघायला नगात पांढऱ्या कागदाचं प्रतिबिंब पाडा. डाग असेल तर तिथे लगेच काळसर दिसतो.

आता यंत्रं. पहिली घ्या ती टांगती मोटर, पायाच्या पेडलवर चालणारी, लवचीक शाफ्टची. पेडल हळू दाबलं की वेग कमी, जोरात दाबलं की जास्त. तुमच्यासारख्या बारीक कामाला हा ताबा फार मोलाचा आहे. हिला २.३५ मिलीमीटर दांडीचे छोटे ब्रश, फेल्ट, रबर आणि पेपरचे रोल लागतात. जोडव्याच्या आतली बाजू, नथीच्या फाशाचं टोक, नक्षीतली खाच, ही कामं मोठ्या बफला जमतच नाहीत. घेताना शाफ्ट हाताने वाकवून मोटर चालवून बघा. हातातली मूठ दोन-तीन मिनिटांत गरम झाली किंवा थरथरली तर ती नको.

त्यानंतर पॉलिशची मोटर, पण पाव हॉर्सपॉवरची आणि निमुळत्या चुडीच्या स्पिंडलची (बफ बसतो तो फिरता दांडा), म्हणजे बफ पटकन बदलता येतो. आपल्याकडे साध्या मोटरी मिनिटाला साधारण २८०० किंवा १४४० फेऱ्यांच्या मिळतात. त्या आकड्याबरोबर बफचा व्यासही बघा. २८०० वर चार इंची बफची कड मिनिटाला सुमारे ८९० मीटर धावते. तिथेच सहा इंची लावलात तर १३४० मीटर. नाजूक चांदीला चार इंची पुष्कळ झाला. ट्रिपोलीचा (आधीचं, जाडसर पॉलिश) बफ वेगळा, लाल रूजचा (शेवटचं, बारीक पॉलिश) वेगळा, आणि दोन्हींच्या मध्ये नग साबणाच्या कोमट पाण्यात ब्रशने धुवायचा. माझे वडील त्यासाठी रिठा वापरायचे, मीही अजून तोच वापरतो.

पैंजण मात्र फिरत्या बफवर मोकळं धरू नका. हे तळमळीने सांगतो आहे. मी एकवीस वर्षांचा होतो. मालवणात आमच्या दुकानात गणपतीच्या आदल्या आठवड्याची घाई होती. पैंजणाची एक कडी बफच्या दोऱ्यात अडकली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत ते स्पिंडलभोवती गुंडाळलं गेलं. सोबत माझं डाव्या हाताचं बोटही ओढलं गेलं. ते बोट आजही पुरतं मिटत नाही. साखळी करायचीच असेल तर लाकडी फळीवर ताणून पक्की बसवून करावी. हातमोजे नकोत, ते ओढले जातात. ओढणी काढून ठेवा, केस बांधा, चष्मा लावा. नग बफच्या मध्यरेषेच्या खाली धरा, म्हणजे सुटला तरी खाली पडतो, तोंडावर येत नाही.

पैंजण आणि साखळ्यांसाठी पुढे पैसे साठले की चुंबकी पॉलिशर घ्या. भांड्यात पाणी, थोडा साबण आणि स्टेनलेसच्या बारीक सुया. खाली चुंबक फिरतं तशा सुया कड्याकड्यांत शिरून चकाकी आणतात. ओरखडे मात्र ते काढत नाही, त्यामुळे पेपरचं काम चुकत नाही.

नथीचे मोती यातल्या कशातही घालू नका. मोत्याचा थर चांदीपेक्षा फारसा कठीण नाही, बफने तो झिजतो आणि लाल रूज भोकात शिरून बसतं. तार, फासा, खडा बसवायचं घर, सगळं आधी पूर्ण चमकवून धुऊन घ्या आणि मोती सगळ्यात शेवटी ओवा. लाख भरलेले मणी कोणी दुरुस्तीला आणले तर तेही हातानेच करा, बफच्या उष्णतेने आतली लाख सुटते. तारेच्या अशा कामाला माझ्याकडे वडिलांची ओपणी आहे, अकीक या कठीण दगडाच्या टोकाची. साबणाच्या पाण्यात बुडवून दाबून फिरवली की धातू न झिजता ओप येतो. मिळाली तर जरूर घ्या.

ग्राइंडरचा दगड त्याच स्पिंडलवर तर अजिबात नको. चांदी मऊ, ती दगडाच्या छिद्रांत भरते आणि नग तापतो. दगडाचे कण बफमध्ये शिरले की प्रत्येक नगावर ओरखडा. दगड फक्त कलमांना धार लावायला, तोही वेगळ्या जागी. बसवण्याआधी दगड टांगून लाकडाने हलकेच वाजवा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत तडा असू शकतो, तो लावू नका.

चाळीस हजारांतले काही धूळ ओढणाऱ्या पेटीसाठी नक्की राखून ठेवा. ट्रिपोलीत सिलिका असते. खंभातला अकीक घासणाऱ्या कारागिरांना त्याच सिलिकाच्या धुळीने फुप्फुसांचा सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. पडवीत घरातली मुलंही खेळत असणार. पेटीतल्या धुळीत चांदीही असते, ती साठवून धुळीतून धातू वेगळा काढणाऱ्या झारेकऱ्याला द्या. सोन्याचं काम सुरू झालं की त्याचे बफ आणि धूळ दोन्ही वेगळी ठेवा.

प्रश्न : पावसात माझ्या टंबलरमधल्या (नग गोळ्यांबरोबर फिरवून चमकवणारं पिंप) स्टीलच्या गोळ्या गंजल्या आणि चांदी काळपट निघाली. गोळ्या टाकून द्याव्यात का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : साध्या स्टीलच्या असतील तर हो. वरचा गंज निघतो, पण गोळ्यांवर पडलेले खड्डे जात नाहीत आणि ते चांदीवर उमटतात. माझाही एक संच असाच गेला. आता स्टेनलेसच्याच घ्या, आणि काम झालं की धुऊन फडक्यावर पसरून पूर्ण कोरड्या करा. मोटर पावसाची झड येणाऱ्या भिंतीपासून लांब ठेवा, आठवड्यातून एकदा स्पिंडलला तेलाचं बोट फिरवा. व्होल्टेज पडून मोटर नुसती घुं घुं करत असेल तर त्याच क्षणी बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळतं.