अण्णांनी बटण दाबलं, पुढे काय?

प्रश्न : ताई, माझे सासरे अण्णा, वय ७४. दम लागतो म्हणून मागच्या महिन्यात इथल्या एका खाजगी हॉस्पिटलात भरती होते. हार्ट फेल्युअर निघालं. त्यांच्या खाटेला एक टॅबलेट जोडलेला होता. जेवण सांगायचं त्यावरच, सिस्टरला बोलवायचं त्यावरच, टीव्हीही तोच. मधूनमधून त्यावर एक छोटी फिल्म लागायची, 'हमारे यहाँ शोध होता है, अपने डॉक्टर से पूछिए', आणि खाली बटण, 'मुझे जानकारी चाहिए'. अण्णांनी ते दाबलं. दुसऱ्या दिवशी एक मुलगी फाइल घेऊन हजर! ह्यांनी तिला दारातूनच परत पाठवलं. पुण्याहून नणंदेचा फोन, की तुमच्या इंदूरला माणसांवर प्रयोग करतात, आधी डिस्चार्ज घ्या. आता घरी आलोय, तरी अण्णा रुसलेलेच. म्हणतात, 'मला विचारलं का कुणी?' बटण दाबलं म्हणजे संमती झाली का? आणि आजारी माणसाच्या उशाशी अशी जाहिरात लावणं बरोबर आहे का?
— एक सून, रामबाग, इंदूर

उत्तर : पहिल्याचं उत्तर लगेच देते : नाही. ते बटण दाबणं म्हणजे साडीच्या दुकानात 'ती खालची दाखवा' म्हणण्याइतकंच. बिल अजून फार लांब आहे. नवी औषधं आणि त्यांच्या माणसांवरच्या चाचण्यांसंबंधीचे २०१९ चे नियम स्पष्ट आहेत. संमती लेखी लागते, पेशंटला समजेल अशा भाषेत, विचार करायला आणि प्रश्न विचारायला वेळ देऊन. सही झालेल्या कागदाची एक प्रत पेशंटच्या हातात पडायला हवी. सही केल्यावरही कारण न सांगता बाहेर पडता येतं, आणि त्यापायी नेहमीच्या उपचारात काटछाट करता येत नाही.

तेव्हा ती मुलगी सही घेऊन पळणार नव्हती. तिला बहुतेक को-ऑर्डिनेटर म्हणत असतील. माहिती सांगणं, तारखा सांभाळणं, फाइल ठेवणं हे तिचं काम. जबाबदारी मात्र चाचणी करणाऱ्या डॉक्टरांची.

नणंदबाईंवर रागावू नका. २०१० च्या सुमारास इंदूरच्या औषधचाचण्यांचं प्रकरण विधानसभेत गाजलं, आणि त्या वेळी जे वाचलं ते इथे कुणी विसरलेलं नाही. पण पुढचा भागही त्यांना सांगा. इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेने औषधचाचण्यांवरून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, २०१२ ची. २१ ऑक्टोबर २०१३ ला न्यायालयाने सांगितलं, की संमती घेताना काय बोलणं झालं त्याचं दृक्‌श्राव्य चित्रण ठेवा. नंतर ही अट सैल झाली. आता अगदी नव्या रसायनाच्या चाचणीत, आणि तेही पेशंट असहाय गटातला असेल तर, चित्रण सक्तीचं आहे. तरीपण संमतीसाठी देशभर पेशंटसमोर कॅमेरा आला तो इंदूरच्या तक्रारीवरून. पुण्याला हेही कळू द्या!

दुसरा प्रश्न मला जास्त जवळचा. मी डॉक्टर नाही. शाळेत भूगोल शिकवला, निवृत्त झाले, आणि एका हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या आणि पेशंटचं हित बघणाऱ्या समितीवर, 'सामान्य व्यक्ती' म्हणून बसते. अशी एक खुर्ची नियमानेच ठेवावी लागते आणि निदान निम्मे सदस्य बाहेरचे असावे लागतात. पेशंटला बोलावण्यासाठी जे काही लावायचं, पोस्टर असो की फिल्म, ते आधी आमच्यासमोर येतं.

अशीच एक खाटेशेजारची फिल्म आमच्याकडे आली होती. लॅपटॉपवर लावली. मागे सतार, पांढराशुभ्र कुर्ता घातलेले एक आजोबा खिडकीपाशी हसतायत, आणि 'मुफ्त जाँच, मुफ्त दवा' हे पुन्हा पुन्हा. मी म्हटलं, हे आजोबा आजारी कुठे दिसतात? आणि 'मुफ्त' काढा. ज्याच्या घरी औषधाच्या पर्चीवरून रोज हिशेब चालतो त्याला एवढा एक शब्द पुरतो. पुढचं तो ऐकतच नाही. शब्द निघाला, सतार राहिली.

मग सिस्टर इनचार्जबरोबर वॉर्डात जाऊन पाहिलं. टिफिनला जागा व्हावी म्हणून टॅबलेटचा दांडा भिंतीकडे वळवलेला. आवाज बंद. एका खाटेवर पेशंट झोपलेले आणि त्यांचा अटेंडर त्याच पडद्यावर क्रिकेट बघतोय. पलीकडच्या बाबांनी बटण दाबायचा प्रयत्न केला, पण बोट कोरडं, हाताला सलाईनची सुई, पडदा दाद देईना. चष्मा लॉकरमध्ये ठेवलेला. मी काढून दिला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा ते वाक्य पुरतं वाचलं आणि मला विचारलं, 'ये दबाने से डॉक्टर साहब नाराज तो नहीं होंगे?'

हा प्रश्न फिल्म बनवणाऱ्या एकाच्याही डोक्यात आला नव्हता. आपल्याकडे पेशंट राउंडला आलेल्या डॉक्टरांना स्वतःचं बीपी विचारायला बिचकतो, संशोधनाचं काय विचारणार! म्हणून हा पडदा मला नकोसा वाटत नाही. ब्रिटनमध्ये एनआयएचआर या सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधन संस्थेने २०१३ मध्ये एक मोहीम काढली, तिचा रोख एवढाच : डॉक्टरांना विचारायला हरकत नाही, माझ्या आजारावर काही संशोधन चाललंय का? पडद्याने तेवढं धैर्य दिलं तर खूप झालं. पण त्याच्यावर एखाद्या ठरावीक औषधाची चाचणी विकायला बसू नये, आणि नळ्या लावलेल्या माणसाला तर मुळीच नाही. दुखणाऱ्या माणसाला सुटकेची घाई असते, तो कशालाही हो म्हणतो. आमच्या कमिटीत याला विरोध करणारेही आहेत. त्यांचं म्हणणं, माहिती आहे तर पूर्ण द्या, अर्धी का? वाद चालू आहे, मी माझ्या जागेवर आहे.

आणि 'प्रयोग' या शब्दाने घाबरण्याआधी हे आठवा. मार्च २०२० मध्ये ब्रिटनमध्ये रिकव्हरी नावाची चाचणी सुरू झाली, कोविडने हॉस्पिटलात भरती असलेल्या माणसांवरच. डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त औषध. चिठ्ठी टाकावी तसं ठरवून काहींना दिलं, काहींना नेहमीचे उपचार. जून २०२० मध्ये निकाल आला : व्हेंटिलेटरवरच्या पेशंटांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी, ऑक्सिजनवरच्यांमध्ये सुमारे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना फायदा दिसला नाही, तेही त्याच चाचणीने सांगितलं. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये तुमच्या-आमच्या घरातल्या कुणाला 'डेक्सा' लागलं असेल, तर ते कुठल्या तरी अनोळखी पेशंटने खाटेवरून हो म्हटल्यामुळे.

आता अण्णांचं. ते शुद्धीत आहेत, त्यांना समजतं, तेव्हा हो किंवा नाही दोन्ही त्यांचं. तुमच्या यजमानांनी काळजीपोटीच दार लावलं, पण निर्णय त्यांचा नव्हता. त्या मुलीला फोन करा, माहितीचा कागद घरी मागून घ्या आणि अण्णांनाच वाचू द्या, चष्म्यासकट. मग डॉक्टरांसमोर बसून त्यांनीच विचारावं : आत्ताच्या गोळ्या चालू राहणार का? नवी गोळी मिळाली नाही, तर काय मिळणार? किती वेळा यावं लागेल, रिक्षाभाडं कोण देणार, रात्री दम लागला तर फोन कुणाला करायचा? चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई मिळायला हवी. ते कागदावर कुठे लिहिलंय ते डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवावं.

कागदावर सीटीआरआयचा नंबरही असावा. ही भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही, २००७ पासूनची. औषधचाचण्यांची नोंद १५ जून २००९ पासून सक्तीची आहे. नातवाच्या फोनवर तो नंबर टाकला की चाचणीला पैसा कुणाचा, कुठल्या हॉस्पिटलांत चालू आहे, कुठल्या एथिक्स कमिटीची मंजुरी आहे, सगळं दिसतं. नंबर सापडला नाही तर सही थांबवा, आणि त्या कागदावर कमिटीचा जो फोन असतो तो लावा. आमच्याकडे असे फोन फार कमी येतात. यायला हवेत.

प्रश्न : माझी आई ८१ वर्षांची, दांडिया बाजारात जन्म गेला तरी गुजराती वाचता येत नाही. मधुमेहाच्या एका चाचणीचा कागद गुजराती आणि इंग्रजीत दिलाय. डॉक्टर म्हणतात, तुम्हीच मराठीत सांगा आणि सही घ्या. चालेल?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : चालणार नाही. मराठी प्रत मागा, आणि ती एथिक्स कमिटीने मंजूर केलेली हवी. तुम्ही प्रेमाने सांगाल, पण धोक्याचा परिच्छेद नकळत गाळाल; आईला कोण घाबरवतं? तिला वाचणंच जमत नसेल तर सगळं बोलणं होईपर्यंत एक तटस्थ साक्षीदार बसलेला असावा, चाचणीशी संबंध नसलेला, आणि त्यानेही सही करावी. मराठी प्रतीला वेळ लागेल म्हणाले तर लागू द्या.

प्रश्न : सरकारी ओपीडीत क्यूआर कोड स्कॅन करून टोकन घेतलं. माझी माहिती औषध कंपनीकडे गेली का?
— सुदामा नगर, इंदूर

उत्तर : नाही हो. त्या स्कॅनने आभाखात्यातलं (आभा म्हणजे सरकारची डिजिटल आरोग्य-ओळख) तुमचं नाव, वय, पत्ता, मोबाइल असं नोंदणीच्या खिडकीला कळतं, म्हणजे रांगेत उभं राहून सांगायचं तेच. संशोधनासाठी वेगळा कागद आणि वेगळी सही लागते. मात्र ओपीडीच्या भिंतीवर आता अर्धा डझन कोड चिकटवलेले असतात, कँटीनचाही त्यात एक. स्कॅन करण्याआधी वर काय लिहिलंय ते वाचत जा.