मोठ्यांचा नेब्युलायझर छोटा मास्क लावून तान्ह्या बाळासाठी का चालत नाही?

आपण विचारले आहे की, फुप्फुसाचा आजार असलेल्या तान्ह्या बाळासाठी मोठ्यांच्याच नेब्युलायझरला (औषधाचा श्वासावाटे घ्यायचा बारीक फवारा करणाऱ्या यंत्राला) छोटा मास्क जोडून काम का भागत नाही, आणि अशी उपकरणे तयार व्हायला इतकी वर्षे का लागतात. मी काही वर्षे अशा उपकरणांच्या चाचणीचे काम केले आहे. औषधाचा फवारा तयार करणे हा त्यातला तुलनेने सोपा भाग असतो. खरी अडचण त्या फवाऱ्याची आणि बाळाच्या श्वासाची गाठ घालून देण्यात असते, असे माझे मत आहे.

३ किलो वजनाचे बाळ एका श्वासात साधारण २० मिलिलिटर हवा आत घेते आणि मिनिटाला ४० ते ६० श्वास घेते, म्हणजे मिनिटाची बेरीज १ लिटरच्या आसपास जाते. नेहमीचा जेट नेब्युलायझर मात्र मिनिटाला ६ ते ८ लिटर हवेच्या झोताने औषधाचे थेंब उडवतो, त्यामुळे बहुतेक फवारा बाळाच्या नाकावरून वाहत जाऊन मास्कच्या कडेने खोलीत पसरतो. पंप (दाबला की औषधाचा फवारा सोडणारी डबी) आणि स्पेसर (तो फवारा श्वासापर्यंत साठवून ठेवणारी, झडप असलेली नळी) वापरला तर अडचण उलट बाजूने येते. मास्क आणि चेहरा यांच्यामधल्या पोकळीत बाळाने नुकतीच सोडलेली हवा साठून राहते, आणि ती पोकळी २० मिलिलिटरची असली तर पुढच्या श्वासात बाळ मुख्यतः तीच हवा परत ओढते. मोठ्यांच्या ५०० मिलिलिटरच्या श्वासात एवढी पोकळी जाणवतही नाही. स्पेसरची झडपसुद्धा इतक्या दुबळ्या श्वासाने उघडेल अशी हलकी असावी लागते.

त्यानंतर नाक येते. तान्ही बाळे प्रामुख्याने नाकाने श्वास घेतात, आणि नाकाचे कामच मुळी हवेतले कण अडवण्याचे आहे. मोठ्यांसाठी १ ते ५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब योग्य मानले जातात. बाळाच्या बाबतीत त्यांतले मोठे थेंब नाकात आणि घशातच बसतात, म्हणून २.५ मायक्रॉनच्या खालचे थेंब बरे. पण थेंबाचा व्यास निम्मा केला की त्यात मावणारे औषध एक अष्टमांशच उरते, आणि हे बारीक थेंब फुप्फुसात स्थिरावायला जो वेळ लागतो तो बाळ देत नाही, कारण त्याला श्वास रोखून धरायला सांगता येत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना किरणोत्सारी खूण लावलेले औषध देऊन केलेल्या, १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापात स्पेसर आणि जेट नेब्युलायझर या दोन्ही मार्गांनी १ टक्क्याहूनही कमी औषध फुप्फुसात पोहोचल्याचे दिसले. अर्थात बाळाचे वजनही तितकेच लहान असते, त्यामुळे किलोमागे हिशेब केला तर चित्र एवढे वाईट राहत नाही. मोठ्यांची मात्रा सरळ वजनाच्या प्रमाणात कमी करणे चुकीचे ठरते ते यामुळेच.

रडण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण नव्या अभियंत्यांना ती पालकांची किंवा परिचारिकांची अडचण वाटते. रडणारे बाळ दीर्घकाळ श्वास सोडते आणि मध्येच एक झटक्याचा श्वास घेते. त्या वेगात थेंब घशावर आदळतात आणि औषध गिळले जाते. घट्ट दाबलेला मास्क बाळाला रडवतो, आणि सैल धरलेल्या मास्कमधून औषध गळते. आमच्या एका मास्कचे प्रयोगशाळेतले आकडे फार सुंदर आले होते. नंतर लक्षात आले की आम्ही तो कडक प्लास्टिकच्या चेहऱ्यावर, कोणतेही बाळ सहन करणार नाही इतक्या जोराने दाबत होतो. मऊ चेहऱ्यावर हलक्या हाताने तीच चाचणी घेतल्यावर निम्मे यशही उरले नाही. ९ महिन्यांच्या मुलीच्या स्कॅनवरून बनवलेला ‘सेंट’ हा नाक-घशाचा नमुना २००१ पासून वापरात आहे आणि तो उपयुक्त आहे, पण तो रडत नाही, हे चाचणी आखताना विसरू नये.

सध्या मला सर्वांत आशादायक वाटतो तो कंपन पावणाऱ्या जाळीचा नेब्युलायझर. सुमारे १००० सूक्ष्म छिद्रांची चकती सेकंदाला लाखाहून अधिक वेळा कंप पावते आणि हवेच्या झोताशिवाय थेंब तयार करते, त्यामुळे बाळाच्या व्हेंटिलेटरमध्ये जादा हवा घुसत नाही. मात्र सरफॅक्टंटसारखे (फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या मिटू न देणारे) दाट औषध त्या छिद्रांतून जाताना अडते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, ४५७ नवजात बालकांवरच्या अमेरिकेतील चाचणीत सरफॅक्टंटचा फवारा चोखणीला जोडलेल्या मार्गाने तोंडात दिला गेला, आणि नंतर श्वासनलिकेत नळी घालून सरफॅक्टंट देण्याची गरज ५० टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आली. नाकाची चाळणी टाळणारी आणि बाळाला शांत ठेवणारी ही कल्पना मला फार आवडते.

तरीही औषध पोहोचणे आणि बाळ बरे होणे या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात. २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत ८६३ अतिअपुऱ्या दिवसांच्या बाळांपैकी निम्म्यांना स्पेसरने ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड दिले गेले. फुप्फुसाचा दीर्घकालीन आजार ३८ टक्क्यांवरून २७.८ टक्क्यांवर आला, पण औषध घेतलेल्या गटातले मृत्यू १३.८ ऐवजी १६.९ टक्के होते. म्हणून आपण उपकरण करायला घेणार असाल, तर पहिल्या बैठकीलाच नवजात शिशुतज्ज्ञांना बोलवा.